म्हशीच्या धोंड्यावर

आटपाडी,
९ मार्च

धन्या,
जय भीम.

तू फोनवर मला ब्लॉक केलंयस. असू दे. टपालाला कोण ब्लॉक करणार? पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, राखी पाठवायची का? मार्चात राखी. म्हटलं, न्हाई, मिलिटरीत दोस्ताला पाठवायचंय. त्यांनी चष्म्याच्या वरनं बघितलं आणि पाकीट दिलं. तुझा पत्ता मला पाठ हाय. तुझ्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं मीच घातला हुता. त्यातला धनाजीचा 'जी' तिरका झाला हुता, अजून तसाच असंल.

मी परवा आलो. सेलमच्या गलाईच्या दुकानातलं काम सोडलं. भट्टीपुढं बसून दुसऱ्याचं सोनं वितळवायचं आणि आपल्या अंगाचं पाणी करायचं, किती दिवस करणार? साबुदाण्याची गाडी सांगलीकडं येत हुती, तिच्यावर क्लीनर म्हणून बसलो. साबुदाणा झाडाला लागत न्हाई, कंदापासनं करत्यात, तुला ठावं हुतं का? मी डोळ्यानं बघितलं. आमची आई अजून मानत न्हाई. ते जाऊ दे.

घरी पिशवी टाकली आणि तलावावर गेलो. आई म्हणाली चहा टाकलाय, तरी थांबलो न्हाई. टेंभूच्या योजनेचं पाणी सोडल्यामुळं तलाव मार्चातबी भरलेला हाय. आपण शाळा बुडवून जायचो तवा ह्या दिवसांत तळाला भेगा पडलेल्या असायच्या. आता आपला म्हशीचा धोंडा निम्मा पाण्यात बसलाय, खरी म्हैस बसावी तसा.

बांधावरनं बघतो तर धोंड्यावर डोक्याकडं तू. तुझी ठिपक्यांची मिलिटरीची टोपी, तुझी कळकाची काठी, आणि डावा गुडघा वर घेऊन बसायची तुझी तऱ्हा. वाटलं, सुट्टीवर आलायस. मी आपली शीळ घातली, दोन लांब, एक तोकडी. टोपी वळली. टोपीखाली बाई.

तुझी बायको, धन्या.

मी खाली उतरलो न्हाई. तिथंच एरंडाच्या आडोशाला बसलो. तिनं काठी उचलली, तळव्याएवढी चिलापी वर आली, गळातनं सोडवून पाटीत टाकली आणि परत बसली. शीळ कुणी घातली ते बघायलाबी उठली न्हाई.

तुला एकच विचारतो. ती जागा तू सांगितलीस, का तिची तिनं हुडकली? तू डोक्याकडं आणि मी शेपटाकडं, तिसऱ्या कुणाला सांगायचं न्हाई, अशी आपण गांडूळ हातात धरून शपथ घेतली हुती. हसू नको. तुझ्या हातातलं माझ्यापेक्षा मोठं हुतं.

लग्नाला आलो न्हाई त्याचं म्हणशील तर होसूरच्या पुढं गाडीचा टायर फुटला. मागचा, जोडीतला आतला. लय वेळ गेला. राग धरू नको.

तुझा,
ऋषिराज


आटपाडी,
१७ मार्च

धन्या,

उत्तर न्हाई. तिकडं बर्फ असंल. बर्फात टपाल अडकतं का रं?

गांडुळांचं सांगतो. कालव्याचं पाणी ह्या आठवड्यात बंद हाय, रान सगळं कोरडं. आमच्या परड्यात खणलं, ओढ्यात खणलं, शाळेच्या नळाखाली खणलं. तिथं भाऊसो शिपाई आला. म्हणाला, "ऋष्या, दहावी अर्धी टाकून गेलास आणि आता खड्डं काढायला आलास व्हय?" त्याच्या मिशा पार पांढऱ्या झाल्यात. आपल्या वेळी त्या मिशांना किती भ्यायचो. आता मीच त्याला तंबाखू दिली. असो, गांडूळ मिळालं न्हाई. उन्हाळ्यात साऱ्या गावात खरी ओल एकाच जागी, तुमच्या मोरीमागं, केळीच्या बुडाला. मग तिथंच गेलो.

तुझी आई दारात शेंगा फोडत बसली हुती. मला बघून हातातली शेंग खाली ठेवली न्हाई.

"कोण म्हणायचं हे? लग्नाचं पाव्हणं आलं वाटतं. मांडवाचं बांबूबी न्हेलं की रं मांडववाल्यानं."

"पारूमावशी, गांडुळं पायजे हुती."

"आहेर न्हाई, अक्षता न्हाईत, गांडुळं मागतंय गडी."

आतनं तुझी बायको आली. हातात श्रीखंडाचा डबा. त्यात ओली माती आणि चहाचा चोथा, आणि त्यात गांडुळं, अशी तकतकीत की मी तुमच्या केळीखाली कवा बघितली नव्हती. ती त्यांना रोज पाणी शिंपडती म्हणं.

"ही घ्या भावजी. पण आता केळीखाली खणू नका. बारकी राहिलीत, वाढू द्यात."

ज्या केळीखाली मी चौथीपासनं खणतोय, तिथं मला खणू नका म्हणती. आणि भावजी म्हणती. लग्नात न आलेला भावजी कसा काय?

डबा घेऊन मी तलावाच्या पलीकडं गेलो, मोटारीच्या खोलीपाशी. तिथनं धोंडा सरळ दिसतो. मी मुद्दाम बघत नव्हतो, दिसत हुता. तिला एकदा विचार, ती अख्खं गांडूळ का लावत न्हाई? नखानं तोडून मसुराएवढा तुकडा लावती, गळाचं टोक झाकंल एवढाच. मोराच्या पिसाचा देठबी तिनं तुझ्या दोरीवरनं काढून टाकलाय. म्हणजे तू आणि मी देठ बुडायची वाट बघत बसायचो ते सगळं फुकट. ती दोरीचा तंगूस नुसता बोटावर धरून बसती आणि बोटाला कळलं की उचलती. मावशी म्हणाली, तिचं माहेर खंडाळ्याकडं, वीर धरणाच्या पाण्याकाठी. असंल. आमच्या तलावाला धरणाची मिजास कशाला?

मी अख्खं गांडूळ लावतो, तू लावायचास तसंच. चिलापी शेपूट कुरतडून जाती आणि गळ रिकामा वर येतो. डबाभर गांडुळं गेली, हाताला काय लागलं न्हाई.

लग्नाचं म्हणशील तर शेठनं सुट्टीच दिली न्हाई. लगीनसराईत सोनं लय येतं, भट्टी बंद ठेवता येत न्हाई. तूच सांग, मी काय करणार?

नानासोच्या तेलाच्या घाण्यावरनं पोतंभर शेंगपेंड आणलीया. आमच्यात जनावर न्हाई हे तुला ठावं हाय. कशाला आणली ते विचारू नको.

ऋषी


आटपाडी,
२९ मार्च

धन्या,

एक कोडं घालतो. माणूस लग्नाच्या पंगतीला निघाला, आणि वाटेत कुणी त्याला धरून पोटभर भाकरी घातली. तर तो पंगतीत जेवंल का? न्हाई ना? मग चिलापी का जेवती?

मी आपला सकाळी लवकर तलावावर जातो. हवा खायला. धोंड्याच्या डोक्याकडं जरा उभा राहतो, आणि कुणी यायच्या आत परत येतो. आई म्हणती तुझ्या हाताला पेंडीचा वास येतोय. म्हटलं, सेलमचा वास हाय, जाईल हळूहळू.

तुझी बायको उन्हं वर आली की येती. मागनं तुझी आई शेळ्या घेऊन येती आणि बाभळीखाली बसती. आधी तुझ्या बायकोला सकाळभर बसून कालवणापुरत्या मिळायच्या. आता ऊन तापायच्या आत पाटी भरती. चिलाप्या, खवल्या, परवा तर एक मरळ. शेजारीपाजारी वाटत सुटली. गल्लीतल्या बाया म्हणत्यात, धनाजीच्या बायकोच्या हाताला गुण हाय. गुण तिच्या हाताला न्हाई, धन्या. पण कुणाच्या हाताला हाय ते मला सांगता येत न्हाई.

आपल्या भागात पेंड जनावरालाच पुरायची न्हाई, पाण्यात कोण टाकणार? म्हणून मला ह्यातलं काय कळत न्हाई. तिकडं तुझ्यासंगं साऱ्या मुलखाची माणसं असतील, त्यात एखादा नदीकाठचा असंल. त्याला विचार, खाऊन झाल्यावर मासा आणखी खातो का. माझं नाव सांगू नको.

काल मावशीनं वाटीभर कालवण पाठवलं. तुझ्या बायकोनं केलेलं. मीठ जास्त हुतं. मी आईच्या वाटणीचंबी खाल्लं ते वाया जाऊ नये म्हणून.

टोपीचं तेवढं सांग. ट्रेनिंगवरनं आलास तवा मला म्हणाला हुतास, पुढच्या सुट्टीला तुला अशीच एक आणतो. ती हीच का? ऊन लागलं की ती टोपी कपाळावर ओढती, अगदी तुझ्यासारखी. हे तिला कुणी शिकवलं? तू तर लग्नानंतर फार दिवस राहिला न्हाईस म्हणं. तेवढ्या दिवसांत जागा, काठी, टोपी, गुडघा वर घेऊन बसायचं, सगळं देऊन झालं? मला काठी हातात द्यायला तुला सहावी ते आठवी लागली हुती.

ऋषी


वडूज,
९ एप्रिल

धन्या,

गाव सोडलं. रोहनचा टेम्पो कांदा भरायला निघाला हुता, बसलो. रोहन आठवतो ना, तुझ्या चुलत्याच्या घरामागचा, तोतरा. आता तोतरा न्हाई, टेम्पो चालवताना एकदाबी अडखळत न्हाई. गाडीतनं उतरला की परत अडखळतो. ह्याचं काय कारण असंल?

वडूजच्या बाजारात एक म्हातारा तळवट अंथरून गळ आणि दोरी मांडून बसतो. मी गळ बघायला लागलो तर म्हणाला, "कुठल्या मासळीला?"

"चिलापीला."

"मग हा बारका घ्या. आणि पाव्हणं, गांडूळ आख्खं लावू नगा, तोडून लावा."

इथंबी तेच. मला वाटलं तीच येऊन सांगून गेली का काय. तरी गळ घेतला.

दुपारी येरळवाडीच्या तलावावर गेलो. रोहन टेम्पोत झोपला हुता. काठ सगळा मोकळा, माणूस न्हाई. पाणी शांत. लांब बगळं. तोडून लावलं, आणि खरंच लागल्या, दोन चिलाप्या, तळव्याएवढ्या. आणि वळून सांगायला कोण न्हाई. मग माझ्या ध्यानात आलं. एवढा ऐसपैस खडक, आणि मी उजव्या टोकाला बुडापुरत्या जागेवर अवघडून बसलोय, डावी बाजू मोकळी सोडून. कुणासाठी? सरकून मधोमध बसलो. करमेना. परत सरकलो आणि टोकाला बसलो तवा कुठं गळ टाकता आला.

चिलाप्या पाण्यात सोडल्या. रोहन उठल्यावर म्हणाला, "का-का-काय मिळालं?" म्हटलं, काय न्हाई.

एक विचारतो आणि पाकीट बंद करतो. मी कोण, हे तिला सांगितलंयस का? वाईट सांगितलं असशील तरी चालंल. न सांगितलेलं चालणार न्हाई.

ऋषी


आटपाडी,
२१ एप्रिल

धनाजी,

तुला आता शिवी द्यायची तर तीबी तू त्यांना वाचून दाखवशील.

काल गावात आलो आणि आज सकाळी डबा घेऊन तलावावर गेलो. गांडुळं मागायला, दुसरं काय न्हाई. तुझी आई बाभळीखाली, तुझी बायको धोंड्यावर, डोक्याकडं. मी जवळ गेलो तर तिनं पाण्यावरनं नजर न काढता म्हटलं,

"भावजी, पेंड जरा बेतानं टाकायची. तुम्ही गेल्यावर लय दिवस पाण्याला वास येत हुता."

"कसली पेंड?"

"नानासोंच्या घाण्यावरची. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई का? आमच्याकडं धरणावर मासं गोळा करायला तीच टाकत्यात."

मी डबा ह्या हातातनं त्या हातात घेतला. मग म्हणती, "आणि टायर फुटला का शेठनं सुट्टी दिली न्हाई, त्यातलं एक काय ते ठरवा. ह्यांच्याकडं दोन्ही आलंय."

बाभळीखालनं तुझी आई म्हणाली, "मीठ जास्त हुतं म्हणं. वाटी अशी चाटून धाडली हुतीस रं, घासायची गरज पडली न्हाई."

तवा मला कळलं. मी तुला लिहितो, आणि तू रविवारी फोनवर वाचून दाखवतोस. स्पीकरवर. मावशी म्हणाली, शेजारची रंगुबाईबी येऊन बसती, टोपीचं आलं तवा तिला ठसका लागला हुता. मला एका ओळीचं उत्तर न्हाई, आणि तिकडं माझ्या पत्रांवर चहा हुतोय. आता ह्याचाबी मला राग येतोय आणि ह्याचाबी येतोय की त्या चहाला मी नव्हतो.

मी परत फिरलो. दोन पावलं गेलो असंल. ती म्हणाली,

"बसा की. ती बाजू मोकळीच हाय."

शेपटाकडची बाजू. खरंच मोकळी हुती. आणि मग माझ्या डोक्यात आलं, मी महिनाभर लांबनं बघतोय, ही बाई तिकडं एकदाबी सरकली न्हाई. डोक्याकडं थेट तोंडावर ऊन येतं. शेपटाकडं बाभळीची सावली.

"तुमी सावलीला का बसत न्हाई?" म्हटलं.

"ह्यांनी सांगितलंय तिकडं डोह हाय. पाय घसरला की माणूस सापडत न्हाई, म्हणून तिकडं बसायचं न्हाई."

डोह.

धन्या, सातवीत माझी चप्पल तिथं पडली तवा तू विजारीचा काठ न भिजवता काढून दिली हुतीस. आता तलाव भरलाय तरी तिथं गुडघाभर पाणी न्हाई. मी पाण्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि म्हटलं, "व्हय. लय खोल हाय. एक म्हैस गेली हुती तिथं." मलाच कळलं न्हाई म्हैस कुठनं आली.

ती हसली. टोपी मागं सारली आणि म्हणाली, "भावजी, मी धरणाच्या काठची हाय. पहिल्याच दिवशी काठी घालून बघितलं मी."

"मग बसला का न्हाई?"

"म्हटलं, नवरा एवढं खोटं बोलतोय म्हणजे तिथं कुणाचं तरी बसणं असंल. कुणाचं ते ह्यांच्यासारखीच तुमची शीळ आली तवा कळलं. हाक मारली असती, पण तुमी एरंडामागं जाऊन बसलात."

तुझी आई शेळ्यांना म्हणाली, शेळ्यांनाच बरं का, "दोन्ही येडी एका माळंची. एक खोटं बोलतंय, एक लपून बसतंय."

मी बसलो. धोंड्याचा तो खळगा अजून माझ्या बुडाच्या मापाचा हाय. तिनं डबा मधी ठेवला. मी अख्खं गांडूळ उचललं, तिनं नुसतं बघितलं, मी तोडलं. पहिली मला लागली. छोटी हुती, पण पहिली मला.

हेबी वाचून दाखवणार असशील तर एवढं मोठ्यानं वाच. पहिली मला.

ऋषी


आटपाडी,
४ मे

धन्या,

सुट्टी मंजूर झाल्याचं मला वहिनींनी सांगितलं. तू न्हाई. अजून ब्लॉकच हाय मी, काल करून बघितलं.

साबुदाण्याच्या गाडीवाल्याचा फोन आला हुता, गाडी परत सेलमला चाललीया, येतोस का म्हणून. माझे पाय तुला ठावं हायत, गाडी म्हटलं की खाजवत्यात. मी म्हटलं, पुढच्या खेपेला. का म्हणून विचारलं त्यानं. म्हटलं, दोस्ताचं लगीन हाय.

केळीखालची गांडुळं मोठी झाल्यात. टोपी आमी दिवसाआड घालतो, त्यावरनं भांडण न्हाई. नानासोला पेंड परत द्यायला गेलो तर त्यानं घेतली न्हाई. म्हणाला, तुझ्या चिलाप्यांना घाल, जनावरं झालीत आता तुझी. म्हणजे रंगुबाईनं घाण्यापर्यंत पोचवलंय. ती पेंड आता बेतानं टाकतो, वहिनी सांगत्यात तवाच.

आता बसायचं ठरलंय ते ऐक. डोक्याकडं वहिनी. शेपटाकडं, डोहाच्या बाजूला, मी. मावशी बाभळीखाली. मधी म्हशीच्या पाठीवर गांडुळांचा डबा असतो, तो हलवायचा न्हाई. तुझी सोय तुझी तू बघ.

आल्या आल्या तलावावर येशील, मला ठावं हाय. पिशवी घरी टाकशील, चहाला थांबणार न्हाईस. बांधावर आलास की जरा तिथंच उभा राहा. एरंड हाय अजून, त्याच्या आडोशाला बसायला जागा चांगली हाय. तिथनं धोंडा कसा दिसतो ते बघ. तुझी टोपी, तुझी काठी, आणि तू न्हाईस. नीट बघ आणि मग खाली ये.

शीळ घालू नको. आमी वळणार न्हाई. चिलाप्या बुजत्यात.

ऋषी